तुमच्या भाषेत सांग

बर्मिंगहॅमच्या एका युनिव्हर्सिटीत मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची मी सहा वर्षं असिस्टंट कोच होते. पोटापाण्याला आयटीतली नोकरी, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारी हे. असिस्टंट कोचने काय करायचं, तर गाडीच्या डिकीतून बॅटांची बॅग काढायची, चिखलाने माखलेले बॉल पुसायचे आणि हेड कोच बोलला की मान डोलवायची. पहिली दोन कामं मला मनापासून आवडायची. तिसरं मी इतक्या सफाईने करायचे की आज आठवलं तरी स्वतःची किळस येते.

नागपूरला कॉलेजात असताना मी पिचर होते, म्हणजे बॅटवालीला बॉल टाकणारी. हेड कोच मूळचा क्रिकेटवाला, त्याला पिचिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पिचर मी घडवायचे आणि फोटोत मध्ये तो उभा राहायचा. घरी येऊन मी त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि पुढच्या प्रॅक्टिसला पुन्हा ‘येस कोच’. आपल्याकडे सरांना उलट बोलत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. साफ खोटं. एक ना एक दिवस तो सोडणार होता आणि त्याची जागा मला हवी होती, म्हणून मी मूग गिळून बसायचे.

शेवटच्या वर्षी आमची पिचर मराठी होती. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. बाकीच्या मुली मला कोच म्हणायच्या, ही एकटी मावशी म्हणायची. विंडमिल, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं, तिला मीच शिकवलं होतं.

सीझनच्या शेवटच्या मॅचला, सातातल्या पाचव्या इनिंगनंतर ती माझ्याजवळ आली.

“मावशी, माझा शोल्डर खूप दुखतोय. आतमध्ये काहीतरी पुल होतो.”

मी खांदा दाबून पाहिला. ती कळवळली. हे दुखणं मला नागपूरपासून ठाऊक होतं, मी तिला तेव्हाच थांबवायला हवं होतं. आमच्याकडे दुसरी पिचरही होती, जरा कच्ची. मी हेड कोचला जाऊन सांगितलं. तो क्रिस्प्स खात होता. बोटांना लागलेला मसाला चाटत म्हणाला, “दोनच इनिंग्ज राहिल्यात. तू तुमच्या भाषेत सांग तिला. तुझं ऐकते ती.”

ती ओली बोटं मला अजून दिसतात. पण त्याच्यावर किती थुंकणार? मैदान ओलांडून तिच्यापर्यंत मी माझ्या पायांनी गेले.

“मावशी, तू सांग. मी टाकू का?”

“टाक बाळा,” मी म्हणाले. “काही होत नाही.”

बाळा! घरात आई जसं म्हणते तसं. तिने मान हलवली आणि टाकत राहिली. आम्ही जिंकलो. सगळ्या मुली हात उंचावून नाचत होत्या आणि हिचा उजवा हात वर जाईना. खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता पिचिंग विसरायचं.

त्याच आठवड्यात तो सोडून गेला आणि मी हेड कोच झाले. माझं नाव सुचवताना त्याने लिहिलं होतं, टीमसाठी काहीही करेल अशी बाई. ते वाचून मला शिसारी आली, आणि मी त्याला थँक यूचा मेल पाठवला.

मग तिच्या आईचा फोन आला. आता ही माउली मला फाडून खाणार, म्हणून मी खाली बसूनच तो घेतला.

“अहो, लेकीने सांगितलं मला सगळं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नको नको म्हणत होतात, त्या माणसाने ऐकलं नाही. तिच्यासाठी भांडलात तुम्ही त्याच्याशी. परक्या देशात एवढं कोण करतं हो?”

पोर मला वाचवायला आईशी खोटं बोलली होती. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

“असं काय म्हणता,” मी म्हणाले, “मला मुलीसारखीच आहे ती.”