अम्ब्रेज म्हणजे सावली

मी खोटं बोलले आणि भोईर बाईंचा वर्ग गेला.

काल बाई गेल्या. आता तरी लिहायला हवं.

१९८७ असेल. अंबरनाथ पूर्वेची आमची मराठी शाळा, मी नववीत.

बाई चामटोलीहून यायच्या. शेतकऱ्याघरची मुलगी, गावातली पहिली बीए. इंग्लिश स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. उच्चार गावाकडचे, पण grammar एकदम पक्कं.

माझे पप्पा फॅक्टरीत ऑफिसर. घरी इंग्लिश पेपर यायचा. त्याचा मला भारी माज.

त्या दिवशी धड्यात वाक्य आलं, प्रवासी झाडाच्या umbrage मध्ये बसला.

बाई म्हणाल्या, "अम्ब्रेज म्हणजे सावली. लॅटिनमध्ये अम्ब्रा. आपली अम्ब्रेला त्याच घरातली."

मी हात वर केला.

"बाई, चूक. अम्ब्रेज म्हणजे राग. To take umbrage. पप्पा नेहमी म्हणतात."

"तोही अर्थ आहे गं. एखाद्याचं बोलणं मनाला लागतं ना, तो. पण इथे सावलीच."

आणि मी म्हणाले,

"चामटोलीच्या डिक्शनरीत असेल."

अख्खा वर्ग हसला. बाई फळ्याकडे वळल्या आणि पुढचं वाक्य वाचायला लागल्या.

घरी हे मी फुशारकीने सांगितलं. पप्पा भडकले. "असे टीचर उद्या दहावीला शिकवणार?" हेडसरांना त्यांनी लगेच इंग्लिशमध्ये पत्र लिहिलं.

ते बाहेर गेल्यावर मी त्यांची जाड डिक्शनरी काढली.

राग होता.
त्याच्याखाली सावलीही होती. झाडाची सावली. जुना अर्थ, मूळ लॅटिन.

मी डिक्शनरी जागेवर ठेवली.

सकाळी ते पत्र मीच शाळेत नेऊन दिलं.

हेडसरांनी दोघींना बोलावलं. मला विचारलं, "बाईंनी चुकीचा अर्थ सांगितला?"

"हो सर."

बाई म्हणाल्या, "सर, लायब्ररीतली डिक्शनरी मागवा ना. एक मिनिटाचं काम."

"बाई, ऑफिसरसाहेबांचं पत्र आहे. कशाला वाढवता?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची काच बघत राहिले.

पुढच्या वर्षी बाईंना मिळणारी दहावी दुसऱ्या सरांना दिली. बाईंना पाचवी. ABCD.

लग्नाआधी, पंच्याण्णवच्या सुमारास, उल्हासनगरच्या कापड मार्केटमध्ये बाई अचानक भेटल्या. शेठ माझ्यापुढे साड्या उलगडत होता. "देखो दीदी, एकदम नया माल."

बाईंनी मला लांबूनच ओळखलं.

"काय करतेस गं?"

"एमए केलं बाई. इंग्लिश. कॉलेजात शिकवते."

त्यांचा चेहरा खुलला. "बघ! मला वाटलंच होतं."

"तुम्ही?"

"मी पाचवीतच अजून. पोरं गोड असतात."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. "येते बाई, उशीर होतोय" म्हणाले आणि साडी न घेताच निघाले.

त्यानंतर किती वर्षं गेली. चामटोली काय लांब आहे? रिक्षाने जाता येतं. मी गेले नाही.

आज गेले. बाईंच्या धाकट्या बहिणीला अंगणात बसून सगळं सांगितलं. डिक्शनरीचंसुद्धा.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या,

"ती पोरगी तू होय? ताई बोलायची, पोर हुशार हाय, घरी जाऊन बघितलंच असंल तिनं. कधीतरी येईल सांगायला."

मला रडूसुद्धा आलं नाही. तेवढाही हक्क वाटला नाही.

बाई, बरोबर तुम्हीच होतात. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.