शेवटची दहा पानं

माझ्या सख्ख्या मेहुण्याने मला फसवलं, आणि तेही भर मंडईत, माझ्याच मोसंबीच्या गाळ्यावर बसून.

हा मेहुणा म्हणजे शरद. बँकेतली नोकरी सोडून तो वारज्यातल्या एका खोलीत पटकथा लिहायला बसला, तेव्हा मीच त्याला वेड्यात काढलं होतं. त्याचे चित्रपट धडाधड चालले! मग तो चरित्रं लिहू लागला. एका पैलवानाचं, एका बँडवाल्याचं. छापून आल्यावर ती माणसं स्वतःचंच चरित्र वाचून रडायची. पोरगा कामाला पक्का, हे मी आजही मान्य करतो. म्हणून तर माझ्या साठीला त्याला म्हटलं, "माझं लिही."

"लिहितो, दाजी. दोनशे पानं."

"दोनशेच्या दोनशे माझी."

"ताईला पन्नास तरी द्या."

"पन्नास? गाळा मी उभा केला! पाच घे."

तासभर घासाघीस झाली. शेवटी तो म्हणाला, "दहा. पण शेवटची."

मी लगेच हात पुढे केला. बारकी मोसंबी पेटीच्या तळाला जातात, तशी बायको तळाला! (समोरचा एकदम एवढा खाली उतरला की आपण बुडालो समजायचं, हे मी अख्ख्या मंडईला शिकवलंय.)

माझ्या पानांत मानाचा प्रसंग एकच: गाळ्याच्या जुन्या मालकाशी, म्हाताऱ्या शिंदेमामांशी, दोन तास भांडून, तीनदा उठून जाऊन, चौथ्यांदा परत येऊन मी हा गाळा कसा मिळवला!

प्रकाशनाला सगळी मंडई आली. शरदने माईक घेतला आणि नेमकी शेवटची दहा पानं वाचली. त्यात होतं की, आदल्याच दिवशी सुनंदा, म्हणजे माझी बायको, मामांकडे जाऊन सगळं ठरवून आली होती. निघताना म्हणाली होती, "मामा, उद्या हे येतील. दोन तास भांडू द्या. नाहीतर जेवायचे नाहीत."

सभागृह हसून आडवं झालं. मग उठून टाळ्या. सुनंदाला!

"हे खरंय?" मी तिला विचारलं.

"अहो, त्या दिवशी पाच भाकरी खाल्ल्यात तुम्ही."

शरदला कोपऱ्यात गाठलं. "शेवटचीच पानं का मागितलीस रे?"

"दाजी, लोक शेवटच घरी घेऊन जातात. पटकथेत तेवढंच तर शिकलो."

पुस्तक मी चारदा वाचलंय. चारही वेळा त्या दहा पानांवर डोळे भरून आले. (शेजारचा गाळा कांद्याचा आहे.) पण आता गिऱ्हाईक येतं, सुनंदाशी हळूच भाव ठरवतं, पिशवी भरून घेतं आणि माझ्याकडे वळून अदबीने विचारतं, "शेठ, आपल्याला थोडं भांडायचंय का?"

आणि मी भांडतो! शरद, हा शेवट माझा; याचं उत्तर दे.