दाराआडचं गाणं

"ती इंग्रजी शाळानी पोर शे. तिले गाईसन कसं शिकाडू मी?"

मी जिन्यात वाकून चपलेचा पट्टा सोडत होते. आत माझ्या शिकवणीचे भाऊ त्यांच्या बायकोशी, वहिनींशी बोलत होते आणि ती पोर म्हणजे मी. मला अहिराणी कळत नाही अशी भाऊंची ठाम समजूत होती. आमच्या घरी ती बोलत नसत हे खरं. पण जळगावात वाढलेल्या मुलीला 'गाऊन कसं शिकवू' एवढं कळायला वेगळी शिकवणी लागत नाही. मी पट्टा पुन्हा लावला, पुन्हा सोडला, मुद्दाम खोकले आणि आत गेले.

"या ताईसाहेब, बसा," भाऊ लगेच पुस्तकी मराठीत म्हणाले.

भाऊ गिटार शिकवायचे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी सळई सरकवत वाजवायची ती गिटार. त्या वर्षांत गावातल्या हौशी घरांतून तिचं वेड होतं. दाणाबाजारामागच्या माडीवर त्यांची खोली होती. शिकवताना ते स्वतः वाजवून दाखवत नसत. ओळ गाऊन दाखवायचे आणि म्हणायचे, "आता शोध, कुठं लपली ते." आवाज काही फार गोड नव्हता, थोडा घोगराच. पण ते गायला लागले की समोरच्याला वाटायचं, ही ओळ आत्ता, माझ्यासाठीच तयार झाली.

पूर्वी ते धुळ्याला एका ऑर्केस्ट्रात होते. लग्नं, गणपती, सत्कार. तो मोडला आणि हे शिकवणीकडे वळले. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "ऑर्केस्ट्रात एकच गाणं, हजार माणसं. सगळ्यांना एका मापाचा सदरा," ते म्हणायचे. त्यांचे वडील धुळ्यात शिंपी होते. माणूस दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत त्यांच्या नजरेनं माप घेऊन झालेलं असायचं. "टेप नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानाला. मीसुद्धा तसाच बघतो," असं भाऊ अभिमानानं सांगत. आणि खरंच, नवा माणूस आला की ते गिटारीकडे न बघता त्याच्या हातांकडे, चालीकडे, बसण्याकडे बघत राहायचे.

पारोळ्याकडचे एक आबा यायचे. कापसाची गाडी जिनिंगमध्ये सोडली की थेट माडीवर. बोटं एवढी जाड की तार छेडायची बाजारातली नखी अंगठ्यावर बसेना. भाऊंनी पत्र्याची नखी कापून, घासून त्यांच्या मापाची केली. सिनेमातली गाणी मात्र आबांना नकोच होती. मग भाऊंनी त्यांना जात्यावरची ओवी दिली, आबांची आई म्हणायची ती. आबा स्वर विसरले की बिनदिक्कत म्हणायचे, "माले बी कळू दे ना रे. फिरी गाईसन दखाड." आणि भाऊ पुन्हा गायचे. मागितलं की मिळतं, इतकं सोपं. माझी पाळी येईपर्यंत जिन्यात बसून मला आबांच्या त्या 'दखाड'चा हेवा वाटायचा. माझ्या तोंडून साधं 'पुन्हा सांगा' निघत नसे.

पण खरा हेवा विमलचा. धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, राजस्थानी घरातली, माझ्याच वयाची. तिची सळई तारांवर अडखळायची. भाऊंनी तिला विचारलं, पापड लाटतेस का? तिच्या घरी तर उन्हाळाभर तेच चालायचं. "मग लाटणं कसं फिरतं? मनगटानं नाही, कोपरापासून. तसंच. चल बेटा, मी गातो, तू लाट." भाऊ गायला लागले, विमल हसायला लागली आणि तिची सळई अशी घरंगळत गेली की मी जिन्यात भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ती एका स्वरावर चुकली. भाऊ म्हणाले, "चुकलीस, पण गोड चुकलीस."

मला ते असं कधीच म्हणाले नाहीत. मी चुकत नव्हते. माझ्यासमोर कागद असायचा. त्यावर लाल शाईनं, ठसठशीत, इंग्रजी अक्षरांत स्वर लिहिलेले. भाऊ गप्प बसून ऐकत, मी अक्षरं वाजवत जाई आणि शेवटी ते म्हणत, "अगदी बरोबर, ताईसाहेब." 'बरोबर' या शब्दाचा एवढा राग येऊ शकतो हे मला तिथं कळलं.

ते कागद कुठून आले हे वहिनींनी एकदा चहा देताना सांगितलं. भाऊंना इंग्रजी अक्षरांचे स्वर येतच नव्हते. भुसावळला एक जुने रेल्वेवाले बँडमास्तर होते, त्यांच्याकडे हे सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं जायचे आणि शिकून यायचे. "तुमच्यासाठीच हो," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "म्हणतात, कॉन्व्हेंटची मुलगी, तिला आपलं आ-ऊ करून शिकवलं तर हसेल."

मी चहा प्यायले. इतरांना त्यांनी ओळखलं होतं. माझा फक्त फ्रॉक बघितला होता आणि त्यावरून रात्रंदिवस खपून एक सुरेख, महागाचा कोट शिवला होता. तो मला कुठंच बसत नव्हता. आणि कष्ट इतके की काढूनही टाकता येईना.

मग मी शिकवणीला आणखी लवकर जाऊ लागले. जिन्यात बसायचं, विमलसाठी गायलेली ओळ कान देऊन उचलायची आणि घरी दार लावून ती वाजवायची. विमलपेक्षा बरी वाजवायचे, हेही मला माहीत होतं. त्यानं काही शांत होत नसे. ती ओळ तिच्याकडे बघून गायलेली होती.

आता, इतक्या वर्षांनी, कॉलनीतल्या दोन मुली माझ्याकडे शिकायला येतात. नजरेनं माप घेणं मला जमत नाही. मी सरळ विचारते, "तुला कसं सांगू?" एक म्हणते लिहून द्या, दुसरी म्हणते हात धरून दाखवा. कुणी लाजून गप्प बसली तर मी तिच्या जवळ बसते आणि वाट बघते. पुष्कळ वाट बघते.

मी शिकत असतानाच धुळ्याला भाऊंचे थोरले बंधू आजारी पडले, वडिलांचं दुकान सांभाळायला कुणी उरलं नाही. भाऊंनी माडी सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. आबांनी गादीसाठी कापूस आणला होता, त्यावर त्यांची आणि भाऊंची बरीच चेष्टा झाली. विमल पापडांचा डबा देऊन रडली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिची ती ओळ हळूच गुणगुणले. ती गेली. आबाही खाली उतरले.

माझ्यासाठी भाऊंनी कागदांचा जाडजूड गठ्ठा तयार ठेवला होता. तीच लाल शाई. मी नसलो तरी तुमचं अडू नये, असं काहीसं म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांची बोटं शाईनं माखलेली होती. वहिनी आत कंदील कापडात गुंडाळत होत्या.

मी गठ्ठा घेतला, शेजारी सतरंजीवर ठेवला. गिटार मांडीवर घेतली, सळई हातात धरली. भाऊ दुसरा कागद काढायला वाकले. शाळेत, घरी, कुठंच मी ती भाषा कधी तोंडात घेतली नव्हती.

"भाऊ," मी म्हणाले, "माले बी गाईसन दखाडा."