खाडीची लेव्हल

कीर्ती कोळी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पनवेलच्या आमच्या छोट्या ऑफिसात ती गेमच्या लेव्हल बनवते, म्हणजे एडिटरमध्ये अटी जोडत बसते: खेळणाऱ्यानं इथे पाय ठेवला की ते दार बंद, टोपली भरली की पाणी सुरू. हट्टी इतकी, की एखादी अट चालत नसेल तर जेवायलाही उठत नाही. तिचा डबा बऱ्याचदा मीच संपवलाय.

गेल्या महिन्यात तिनं खाडीची लेव्हल घेतली. ओहोटीला चिखलात उतरायचं, शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायच्या आणि भरतीआधी काठ गाठायचा. उरणला तिची आई गुणाबाई जन्मभर हेच करत आलीय, म्हणून रविवारी घरी गेल्यावर तिनं आईलाच खेळायला बसवलं. आईनं दोन मिनिटांत चूक काढली.

"पानी समोरून नाय येत, पोरी. खाडीत भराव टाकल्यापासून पाठचा नाला आधी भरतो, टोपली अर्धी झाली की लगेच. समोर कोरडंच दिसतं."

सोमवारी कीर्तीनं अट बदलली: टोपली अर्धी झाली की पाठचा नाला भरू दे. मग स्वतः खेळली आणि बुडाली. टोपली अर्धीच ठेवून पळाली, तरी बुडाली. दहा-बारा वेळा तेच.

"अगं, पाणी जरा उशिरा सोड की," मी हसत म्हटलं.

"वेळ आईनंच सांगितलीय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. माझंही हसू गेलं. साडेअकरा वाजले होते. तिकडे उरणला तिची आई खाडीत असणार, आणि भरती लागली असणार.

तिनं फोन लावला. आई खाडीत फोन नेत नाही हे माहीत असूनही ती लावतच राहिली. मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो.

सव्वाबाराला आईचा फोन आला. कीर्तीनं तो स्पीकरवर घेतला.

"आई, ती लेव्हल सुटत नाही गं. तू परत कशी येतेस?"

"एकटीनं नाय सुटायची. आमी दोगी असतो, भामा नि मी. हात धरून नाला पार करतो. एकीचा पाय रुतला तर दुसरी ओढते."

कीर्तीच्या जिवात जीव आला. "आज भामामावशी होती ना?"

"भामा उलव्याला गेलीय, लेकीच्या बाळंतपणाला. पंधरा दिस झालं."

"मग आज?"

"पानी छातीएवढं झालं होतं. शिवल्या टाकल्या नि आले."

आता ही आईला ओरडणार, असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिनं हळूच विचारलं, "उद्या ओहोटी किती वाजता?"

"कशाला? तू कदी चिखलात उतरली नायस."

"पाय कुठे ठेवायचा ते तू सांग," कीर्ती म्हणाली. "हात मी धरते."