आबा तांडेलांची खूण

होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला आबा तांडेल एकच ताकीद द्यायचे, "खडकांका बोट दाखवू नकात. तेंका आवडणा नाय." स्वतः हनुवटीने दाखवायचे. पर्यटक हसायचे. हसोत बापडे!

मी कुडाळकडची, भात-काजूवाल्यांच्या घरातली. पाण्याची मला भारी भीती. बदली होऊन मालवणात आले, एकटीच खोली घेऊन राहिले आणि रविवार नुसता खायला उठायचा. म्हणून सागरी अभयारण्यातले खडक बघायला आबांच्या होडीत बसले, ती दर रविवारी बसतच राहिले. समुद्रातून वर आलेले काळे सुळके, लाटांनी आरपार पोखरलेले. एकाची तर चक्क कमान झालेली. तिथवर जायची वाट फक्त आबांना ठाऊक, कारण पाण्याखाली सगळे खडकच खडक. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत आल्या की सुकाणू वळवायचं. कुठल्या दोन, ते सांगत नसत. खूण बापाने मुलालाच द्यायची, अशी रीत.

मुलगा मुंबईत. एकदा माझ्यासमोरच आबांनी फोन लावला, "बाबल्या, एकदा ये रे. खूण दाखवतंय तुका."

"बाबा, लोकेशन पाठवा ना मोबाईलवर."

आबांनी फोन खिशात टाकला आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. मला त्या मुलाचा असा संताप आला!

मग एका रविवारी त्यांना खोकल्याची जबर उबळ आली. "गो बाय, हंय बस," म्हणत सुकाणू माझ्या हातात दिलं. "देवळाचो कळस बघ. तो मागच्या डोंगराच्या खिंडीत बसलो काय वळव."

मी पिशवीत पेन शोधू लागले, तर खेकसले, "लिवतंस कित्या? कागद भिजता. बघून ठेव."

"पण आबा, मी तुमची कोण?"

"कोण नाय. पण तूच येतंस ना गो."

मार्गशीर्षात आबा गेले. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा, बाबलो, माझ्या दारात उभा. "अस्थी कमानीपाशी सोडा म्हणाले होते. इथे कुणालाच वाट माहीत नाही. दर रविवारी तुम्ही त्यांच्या होडीत असायचात म्हणे."

इंजिन त्याने सांभाळलं, सुकाणू मी. कळस खिंडीत बसला आणि मी वळवलं. कमानीखाली त्याने आबांना पाण्यात सोडलं.

परतताना मी सुकाणू त्याच्या हाती दिलं. "आता तू. देवळाचा कळस बघ."

तो किनाऱ्याकडे बघत राहिला. "दिसत नाही हो," म्हणाला. डोळे नुसते वाहत होते त्याचे.

"इंजिन बंद कर," मी म्हटलं. "दिसेपर्यंत थांबू."