गाळलेला ठोका

मास्तर ध्यानाच्या नाचासाठी सूफी ढंगाचं संगीत रचायचे, पण नाचणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डोळे मिटून गिरक्या घेणारी ही मंडळी नुसती सोंगं करतात, असं ते बायकोला रोज ऐकवत. शेवटी त्यांनी नव्या रचनेत डफाचा एक ठोका मुद्दाम गाळला. जो खरंच ऐकतोय, त्याचाच पाय तिथे थबकणार होता. मग ते स्वतःही रिंगणात शिरले आणि किलकिल्या डोळ्यांनी एकेकाचा चेहरा निरखत फिरू लागले.

फिरता फिरता ते रिंगणातच नाचणाऱ्या मेहुणीवर जाऊन आदळले. सगळं रिंगण जागच्या जागी थबकलं होतं.

“भावोजी, तुम्हीच ना?” ती डोळे न उघडताच म्हणाली. “आत्ता एक ठोका गळला. तुम्ही ऐकत नव्हता वाटतं.”