शेंदराला बांधलेला दोर

अमरावतीच्या कोर्टात गेली पंचवीस वर्षं मी इतरांना देवाची शपथ घेताना ऐकत आलो आहे. स्वतः मात्र देवालाच पिंजऱ्यात उभं करणारा माणूस. तरी आमच्या पेठेनं मला मारुती मंदिराचा अध्यक्ष केलं. कारण एकच, माझा आवाज मोठा आहे.

आमचा मारुती रस्त्याकडेच्या ओट्यावर उभा होता. दीड पुरुष उंचीचा, एकाच दगडाचा. रस्ता रुंद होणार म्हणून मागे नवा गाभारा बांधला आणि मूर्ती वीस पावलं सरकवायची ठरली. पूजा करणाऱ्या गुरुजींचा विरोध होता. मूर्तीला तडा गेला तर ती पूजेतून जाते, नदीत सोडावी लागते, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी वकिली करून त्यांना गप्प केलं. म्हणजे काही झालंच, तर पेठेचा देव घालवणारा मीच.

बडनेऱ्याहून क्रेन आली. मूर्तीच्या खांद्यांना आणि पोटाला पट्टे बांधले. ड्रायव्हर एकटा आणि हुकूम देणारे अकरा. त्यांत सगळ्यात मोठा आवाज अर्थात अध्यक्षांचा. मूर्ती ओट्यावरून टीचभर उचलली गेली, पट्टा सरकला, देव कलला आणि धाडकन परत ओट्यावर बसला. परातीएवढी शेंदराची खपली खाली पडली. गुरुजी मटकन बसले. ड्रायव्हरनं खाली उतरून बिडी पेटवली आणि हे पाप मी करणार नाही, असं शांतपणे सांगितलं. मुहूर्त दुपारपर्यंतचा. कित्येक वर्षांत काही न मागणाऱ्या मी तेव्हा मनात म्हटलं, माझं काय व्हायचं ते होवो, तू अखंड राहा.

भातकुलीच्या गाडीची वाट पाहणारा एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. हातात औषधांची पिशवी. बाजारात टरबूज पारखावं तशी त्यानं मूर्ती बोटांच्या पेरांनी ठिकठिकाणी वाजवून पाहिली.

"दगड शाबूत हाये," तो म्हणाला. "तुमी दोर शेंदराले बांधला, दगडाले नाई."

खरंच होतं ते. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढवून आम्हीच देवाचं पोट आणि खांदे वाढवले होते. आतला दगड तिथं सडपातळ होता, सगळा भार पायथ्याशी. तरी माझ्यातल्या वकिलानं विचारलंच, की बाबा, तुम्हाला हे कसं ठाऊक?

मग पायथ्याखालून पट्टे घेता घेता, कडांना पोत्याचे तुकडे लावता लावता, त्यानं सांगितलं. तरुणपणी तो एका जहाजावर विंच, म्हणजे दोर गुंडाळून माल उचलणारं यंत्र, चालवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी मुद्दाम अवजड मालासाठी बांधलेलं जहाज, मधोमध भला थोरला डेरिक, म्हणजे माल उचलायचा लोखंडी खांब. रेल्वेची इंजिनं, ट्रान्सफॉर्मर, अख्ख्या बोटी त्यानं उचलल्या. ज्या बंदरांत क्रेन नव्हती तिथं तर त्या जहाजावाचून काम अडायचं. इंग्रज मालकानं विकलं, नवीन मालकानं नाव बदललं, काम तेच राहिलं. शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला नेलं, तेव्हाही हा त्यावरच होता. पेटी कितीही मोठी असो, आतल्या मालाचा भार कुठं आहे ते पाहूनच दोर बांधायचा, हे तो तिथं शिकला होता.

भातकुलीचा माणूस समुद्रावर कसा पोचला, हे गुरुजींनाही विचारल्यावाचून राहवेना.

"आमच्या गावचं पानी खारंच हाये, महाराज. समुद्र पाहून मले काई नवल नाई वाटलं."

गुरुजी हसले. त्या सकाळी पहिल्यांदाच.

म्हाताऱ्यानं दोन नियम घातले. इशाऱ्याचा हात एकाच माणसाचा हलेल, बाकीच्यांची तोंडं बंद. आणि आधी फक्त वीतभर उचलून थांबायचं. मूर्ती फिरू नये म्हणून बांधलेला दोर त्यानं माझ्या हाती दिला.

"ओढू नका, वकीलसाहेब. नुसता हातात असू द्या."

ड्रायव्हर बिडी विझवून पुन्हा वर चढला आणि क्रेननं भार घेतला. देव वीतभर उचलला गेला आणि किंचित कलला. माझी मूठ आवळली.

"कलू द्या," म्हातारा हळूच म्हणाला. "वजन घेतलं का जहाजही कलते. दुसऱ्या अंगाच्या टाकीत पानी भरत जाते, ते आपल्याले दिसत नाई, पन जहाज सरळ होते. भांडायचं नाई त्याच्यासंगं."

मी मूठ सैल केली. आयुष्यात पहिल्यांदा, हातात काहीतरी असूनही मी काहीच केलं नाही. मूर्ती आपोआप सरळ झाली. म्हाताऱ्याचं एक बोट हलत होतं आणि अख्खी पेठ त्या बोटाकडे पाहत होती. वीस पावलं. मारुती नव्या चौथऱ्यावर इतका अलगद टेकला की आवाजही झाला नाही. गुरुजींनी पायथ्यापासून मस्तकापर्यंत हात फिरवला आणि डोळे पुसत मान हलवली. अखंड.

मी मात्र दोर धरूनच उभा होतो.

"सोडा आता," म्हातारा म्हणाला. "बसला तो."

बोटं उघडायला वेळ लागला. उघडली तेव्हा हात आपसूक जोडले गेले. मारुतीला, त्या म्हाताऱ्याला, की कधीच मोडीत गेलेल्या त्या जहाजाला, ते मी स्वतःला विचारलं नाही. ज्याचा होता त्याला तो नमस्कार पोचला असणार.